स्तनाच्या कर्करोगाची पुनरावृत्ती

स्तनाच्या कर्करोगावरील उपचार पूर्ण झाल्यानंतर काही काळ रोगाचे कोणतेही चिन्ह आढळत नाही आणि त्यानंतर तोच रोग शरीरात पुन्हा प्रकट होतो, तेव्हा त्यास स्तनाच्या कर्करोगाची पुनरावृत्ती असे म्हणतात. व्यवहारात 'कॅन्सर उलटला' किंवा 'कॅन्सर परत आला' असे शब्दप्रयोग रूढ आहेत. पुनरावृत्ती त्याच स्तनात, काखेत किंवा हाडे, फुफ्फुसे, यकृत, मेंदू यांसारख्या दूरच्या अवयवांत होऊ शकते. तिचे स्थान, तिला लागलेला कालावधी आणि कर्कपेशींचा प्रकार यांवर पुढील उपचार व रोगाची वाटचाल अवलंबून असते. त्यामुळे 'पुनरावृत्ती' या एकाच शब्दाखाली पूर्ण बरा होऊ शकणारा रोग आणि आयुष्यभर उपचार घ्यावा लागणारा रोग अशा दोन अत्यंत भिन्न अवस्था येतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय स्त्रियांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. पुरुषांनाही तो क्वचित होतो व त्यांच्यातही त्याची पुनरावृत्ती होऊ शकते.

प्रकार

शस्त्रक्रिया झालेल्या स्तनात, अथवा स्तन काढून टाकला असल्यास छातीच्या त्वचेत किंवा व्रणाजवळ रोग पुन्हा उद्भवल्यास ती स्थानिक पुनरावृत्ती होय. त्याच बाजूच्या काखेतील, गळपट्टीच्या हाडाजवळील किंवा छातीच्या मध्यास्थीलगतच्या लसीका ग्रंथींमध्ये रोग आढळल्यास तिला प्रादेशिक पुनरावृत्ती म्हणतात. रोग रक्तावाटे वा लसीकेवाटे दूरच्या अवयवांत जाऊन वाढल्यास ती दूरस्थ पुनरावृत्ती ठरते. या प्रसाराला वैद्यकीय परिभाषेत मेटास्टॅसिस अशी संज्ञा आहे.

दूरस्थ पुनरावृत्तीविषयी एक गैरसमज वारंवार आढळतो. स्तनाचा कर्करोग यकृतात पसरला म्हणजे रुग्णाला 'यकृताचा कर्करोग' झाला असे नातेवाईक समजतात. प्रत्यक्षात यकृतात वाढणाऱ्या पेशी स्तनाच्याच असतात आणि त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाचीच औषधे चालतात. हाडांत किंवा फुफ्फुसांत पसरलेल्या रोगालाही हेच लागू आहे.

दुसऱ्या स्तनात उद्भवणारा कर्करोग बहुधा पुनरावृत्ती नसून स्वतंत्र, नवा कर्करोग असतो. तसेच पहिल्या निदानाच्या वेळीच रोग दूरवर पसरलेला असेल, तर त्यालाही पुनरावृत्ती म्हणत नाहीत. हा भेद रुग्णाला शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. परंतु नव्या कर्करोगावर पहिल्याप्रमाणे पूर्ण बरे करण्याच्या उद्देशाने उपचार होतात, म्हणून तो महत्त्वाचा आहे.

पुनरावृत्तीची कारणमीमांसा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी असे प्रतिपादन केले की, स्तनाचा कर्करोग एका ठिकाणाहून सलगपणे आजूबाजूला पसरत जातो. त्यामुळे स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्रित काढून टाकणारी त्यांची विस्तृत शस्त्रक्रिया पाऊणशे वर्षे प्रमाण मानली गेली. रोग परतला तर शस्त्रक्रिया पुरेशी विस्तृत नव्हती, असा अर्थ लावला जाई. त्याच काळात इंग्लंडमधील स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दुय्यम गाठी विशिष्ट अवयवांतच अधिक आढळतात, हे त्यांना त्यांतून दिसून आले. त्यांनी १८८९ साली कर्कपेशींना बीजाची आणि अवयवांना जमिनीची उपमा दिली. बी सर्वत्र उडते, परंतु अनुकूल जमिनीतच रुजते, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. ही मांडणी पुढे अनेक दशके दुर्लक्षित राहिली.

हॉल्स्टेड यांच्या सिद्धान्ताची निर्णायक परीक्षा १९७०च्या दशकात झाली. इटलीतील मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ साली आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ साली यादृच्छिक चाचण्या सुरू केल्या. २००२ साली दोन्हींचे २० वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फिशर यांच्या चाचणीत केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९.२ टक्के जणींना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला. गाठ काढून किरणोपचारही दिलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण १४.३ टक्के होते. मात्र संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया आणि स्तन राखलेल्या स्त्रिया यांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. याचा अर्थ असा की, ज्या रुग्णांचा रोग पुढे दूरवर प्रकट झाला, त्यांच्यापैकी बहुतेकांत त्याचे बीज पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच पसरलेले होते.

पुढील संशोधनाने यास दुजोरा दिला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात स्तनाच्या कर्करोगाच्या ४,७०३ रुग्णांच्या अस्थिमज्जेची तपासणी अभ्यासण्यात आली. निदानाच्या वेळीच त्यांच्यापैकी ३०.६ टक्के रुग्णांच्या अस्थिमज्जेत सूक्ष्म प्रमाणात कर्कपेशी आढळल्या. अशा सर्वच रुग्णांना पुढे पुनरावृत्ती झाली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. या पेशी वर्षानुवर्षे सुप्तावस्थेत राहू शकतात. काही नष्ट होतात, तर काही अद्याप पुरेशा न उलगडलेल्या कारणांनी पुन्हा वाढू लागतात. सुप्तावस्थेत त्या विभाजित होत नाहीत, म्हणून विभाजित होणाऱ्या पेशींवर आघात करणाऱ्या केमोथेरपीचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही.

कालावधी आणि जोखीम

'पाच वर्षे पार पडली की धोका टळला' ही समजूत समाजात दृढ आहे. ती अंशतःच खरी आहे. ज्या कर्करोगांत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तिन्ही ग्राही नसतात, त्या ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात पुनरावृत्तीची जोखीम पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असते. पाच वर्षांनंतर ती झपाट्याने घटते. या प्रकाराच्या रुग्णांना पाचव्या वर्षानंतर दिलासा मानण्यास आधार आहे.

इस्ट्रोजेन ग्राही असलेल्या कर्करोगांचे स्वरूप वेगळे आहे. त्यांत सुरुवातीची जोखीम कमी असली, तरी ती दीर्घकाळ रेंगाळते. पाच वर्षे संप्रेरक उपचार घेऊन त्या वेळी रोगमुक्त असलेल्या सुमारे ६३ हजार स्त्रियांचा पाठपुरावा करणारे विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. मूळ गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असलेल्या आणि काखेतील एकही ग्रंथी बाधित नसलेल्या स्त्रियांमध्ये पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान दूरस्थ पुनरावृत्तीची जोखीम १३ टक्के आढळली. तेवढ्याच आकाराच्या गाठीसह एक ते तीन ग्रंथी बाधित असल्यास ती २० टक्के आणि चार ते नऊ ग्रंथी बाधित असल्यास ३४ टक्के होती. या अभ्यासातील स्त्रियांचे उपचार मुख्यतः जुन्या काळातील होते. त्यामुळे आज उपचार घेणाऱ्यांसाठी हे आकडे काहीसे कमी असण्याची शक्यता आहे.

ऑस्ट्रेलियन गायिका व अभिनेत्री ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे प्रथम १९९२ साली समजले. तो २१ वर्षांनी, २०१३ साली पुन्हा आढळला आणि २०१७ साली कण्याच्या तळाच्या हाडात पसरल्याचे निदान झाले. त्यांचे निधन २०२२ साली झाले. उशिराच्या पुनरावृत्तीचे हे सर्वपरिचित उदाहरण आहे. हिंदी चित्रपटक्षेत्रातील लेखिका-दिग्दर्शिका ताहिरा कश्यप यांनी २०१८ साली आपल्या कर्करोगाविषयी आणि २०२५ साली त्याच्या पुनरावृत्तीविषयी स्वतःहून जाहीर केले.

प्रतिबंध

पहिल्या उपचारांतील शस्त्रक्रियेनंतरचे बहुतेक टप्पे पुनरावृत्ती टाळण्यासाठीच असतात. किरणोपचार स्थानिक पुनरावृत्ती कमी करतात, तर केमोथेरपी, संप्रेरक उपचार आणि लक्ष्यवेधी औषधे शरीरात इतरत्र दडलेल्या पेशींवर काम करतात. इस्ट्रोजेन ग्राही असलेल्या कर्करोगात सुमारे पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पहिल्या १५ वर्षांत जवळपास एकतृतीयांशाने घटतात. ही गोळी स्वस्त आहे आणि तिचा परिणाम ती थांबवल्यानंतरही टिकतो. तथापि अंगाची लाही होणे, सांधेदुखी यांसारख्या त्रासांमुळे अनेक रुग्ण संप्रेरक उपचार मुदतीपूर्वीच बंद करतात. 'आता सगळे ठीक आहे, मग औषध कशाला' ही भावनाही त्यामागे असते. औषध परस्पर थांबवण्याऐवजी त्रास डॉक्टरांना सांगितल्यास औषध बदलण्याचा पर्याय बहुधा उपलब्ध असतो. हर-२ ग्राही असलेल्या रोगात ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंड औषधाने पुनरावृत्तीचे प्रमाण जवळपास निम्मे होते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून सिद्ध झाले. मूळ औषध अतिशय महाग होते. २०१४ पासून त्याच्या भारतीय जैवसदृश आवृत्त्या बाजारात आल्या.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील ११ केंद्रांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेन या साध्या भूल देणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिलेल्या स्त्रियांपैकी ८६.६ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी रोगमुक्त होत्या. ते न दिलेल्या गटात हे प्रमाण ८२.६ टक्के होते. एकूण १,५८३ स्त्रियांचा या विश्लेषणात समावेश होता. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाताना पेशींच्या प्रसाराला मिळणारी चालना या औषधाने रोखली जात असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. निष्कर्ष एकाच चाचणीचा असल्याने त्याची अन्यत्र पडताळणी होणे आवश्यक आहे.

आहाराबाबत मात्र पुराव्यापेक्षा सल्ल्यांचीच रेलचेल आहे. अमेरिकेत ३,०८८ स्त्रियांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भाज्या, फळे व तंतुमय पदार्थ भरपूर आणि स्निग्ध पदार्थ कमी असा आहार सुमारे सात वर्षे घेऊनही पुनरावृत्तीचे प्रमाण घटले नाही. नियमित व्यायाम करणे व वजन आटोक्यात ठेवणे सर्वसाधारण प्रकृतीसाठी हितकारक आहे. परंतु साखर खाल्ली, दूध घेतले किंवा पथ्य मोडले म्हणून कर्करोग परतला, असे म्हणण्यास शास्त्रीय आधार नाही.

लक्षणे

स्थानिक पुनरावृत्तीत स्तनात किंवा व्रणावर नवी गाठ, त्वचेवर लालसर पुरळ अथवा कडकपणा, स्तनाग्र आत ओढले जाणे ही चिन्हे आढळतात. काखेत वा गळपट्टीच्या वर गाठ लागणे, हातावर नव्याने सूज येणे ही प्रादेशिक पुनरावृत्तीची लक्षणे असू शकतात. अर्थात काखेतील ग्रंथी काढल्यामुळेही हाताला सूज येते आणि तेच कारण अधिक वेळा आढळते.

दूरस्थ पुनरावृत्तीची लक्षणे अवयवानुसार बदलतात. हाडांतील रोगात एकाच जागी सतत दुखते आणि विश्रांतीनेही किंवा रात्री झोपल्यावरही ते थांबत नाही. फुफ्फुसांतील रोगात कोरडा खोकला व धाप, यकृतातील रोगात भूक मंदावणे, उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा कावीळ, तर मेंदूतील रोगात वाढती डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा बोलण्यात बदल दिसतो. या सर्व तक्रारी सामान्य आजारांतही होतात. म्हणून नवी, अन्य कारणाने न उलगडणारी आणि दोन-तीन आठवडे टिकणारी किंवा वाढत जाणारी तक्रार डॉक्टरांना दाखवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याला अपवाद आहेत. पाठदुखीबरोबर पायांत अशक्तपणा वा बधिरपणा जाणवणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते, कारण विलंब झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. झटका आल्यास किंवा श्वास घेणे कठीण झाल्यासही थांबू नये.

पाठपुरावा

उपचारांनंतर पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, चौथ्या व पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासणी, तसेच उरलेल्या स्तनाची दरवर्षी मॅमोग्राफी, असा पाठपुरावा सर्वसाधारणपणे सुचवला जातो. लक्षणे नसताना रक्तातील कर्कसूचकांच्या चाचण्या, हाडांचा स्कॅन किंवा पेट-सीटी स्कॅन ठराविक काळाने करण्याची शिफारस प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांत नाही.

रुग्णांना हे अनेकदा काटकसर किंवा हयगय वाटते. प्रत्यक्षात यामागे पुरावा आहे. इटलीत १,३२० आणि १,२४३ स्त्रियांवर झालेल्या दोन यादृच्छिक चाचण्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. एका गटाची नियमित अंतराने छातीची क्ष-किरण तपासणी व हाडांचा स्कॅन करण्यात आला. त्यांपैकी एका चाचणीत यकृताची सोनोग्राफीही होती. दुसऱ्या गटाची केवळ शारीरिक तपासणी व मॅमोग्राफी झाली. दोन्ही गटांतील स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. दूरस्थ रोग काही महिने आधी समजल्याने आयुष्य वाढले नाही. आजारी असल्याची जाणीव मात्र तितकी आधी सुरू झाली. याउलट स्थानिक पुनरावृत्ती लवकर आढळल्यास लाभ होतो, म्हणूनच मॅमोग्राफी टाळू नये. या चाचण्यांना तीस वर्षे झाली असून आजची तपासणी-साधने व औषधे वेगळी आहेत. त्यामुळे हा प्रश्न नव्याने अभ्यासला जात आहे.

निदान

शक्य असेल तेथे पुनरावृत्तीचे निदान बायोप्सीने पक्के केले जाते. त्यामागे दोन हेतू असतात. पहिला, स्कॅनवर दिसलेली प्रत्येक छाया कर्करोगाची नसते. भारतात क्षयरोग सर्वत्र आढळत असल्याने फुफ्फुसातील किंवा ग्रंथींतील विकृती क्षयाची निघण्याची शक्यता असते. दुसरा, परतलेल्या रोगाचे ग्राही मूळ रोगापेक्षा वेगळे असू शकतात. इस्ट्रोजेन ग्राहीच्या बाबतीत असा बदल साधारणतः पाचांपैकी एका रुग्णात आढळतो आणि त्यानुसार उपचारांची दिशाच बदलते. 'पूर्वी तपासणी झाली आहे, पुन्हा सुई कशाला' या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यानंतर रोगाचा विस्तार पाहण्यासाठी स्कॅन केले जातात.

उपचार

केवळ स्थानिक किंवा प्रादेशिक पुनरावृत्ती असल्यास उपचारांचा उद्देश रोग पूर्ण बरा करण्याचा असतो. पूर्वी स्तन राखून शस्त्रक्रिया झाली असल्यास आता सहसा संपूर्ण स्तन काढला जातो. पूर्वी स्तन काढलेला असल्यास छातीवरील गाठ काढून, आधी दिलेले नसल्यास किरणोपचार देतात. अशा १६२ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, पुनरावृत्तीत इस्ट्रोजेन ग्राही नसलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीचा मोठा लाभ झाला. दहा वर्षांनी केमोथेरपी घेतलेल्यांपैकी ७० टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ३४ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या. ग्राही असलेल्या स्त्रियांमध्ये असा लाभ दिसला नाही. त्यांच्यासाठी संप्रेरक उपचारच प्रमुख ठरतात.

दूरस्थ पुनरावृत्ती सामान्यतः समूळ बरी होत नाही; ती दीर्घकाळ काबूत ठेवणे आणि जगण्याचा दर्जा टिकवणे हे उपचारांचे ध्येय असते. मात्र 'बरा होत नाही' आणि 'उपचार नाही' यांत मोठे अंतर आहे. संप्रेरकग्राही रोगात लेट्रोझोलसारख्या गोळीसोबत रायबोसिक्लिब हे औषध दिल्यास काय होते, याच्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ते घेतलेल्या गटातील निम्म्या स्त्रिया ६३.९ महिन्यांहून अधिक, तर केवळ लेट्रोझोल घेतलेल्या गटातील निम्म्या ५१.४ महिन्यांहून अधिक जगल्या. हर-२ ग्राही असलेल्या रोगात ट्रास्टुझुमॅब, पर्टुझुमॅब आणि डोसिटॅक्सेल यांच्या संयोगाने काही स्त्रिया आठ वर्षांहून अधिक काळ जगल्याचे दिसले आहे. ट्रिपल निगेटिव्ह रोगात केमोथेरपी व निवडक रुग्णांत प्रतिकारशक्तीवर आधारित उपचार वापरतात.

हाडांतील रोगात झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब या औषधांनी अस्थिभंगाचा धोका घटतो. या औषधांमुळे क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याकडून तपासून आवश्यक ते दात काढून घेतात. दुखणाऱ्या हाडाला किरणोपचाराची एकच मात्रा दिल्यानेही अनेकदा वेदना कमी होतात.

मानसिक परिणाम

पुनरावृत्तीचे निदान पहिल्या निदानापेक्षा अधिक धक्कादायक वाटल्याचे अनेक रुग्ण सांगतात. पहिल्या वेळी उपचार कसे असतात हे ठाऊक नसते. दुसऱ्या वेळी ते पुरते ठाऊक असते. त्यात 'आपलेच काही चुकले' ही अपराधी भावना मिसळते. रोगाची बीजे बहुधा पहिल्या निदानापूर्वीच पसरलेली असतात, हे लक्षात घेता या भावनेला आधार नाही. रोग न परतलेल्या स्त्रियांनाही पुनरावृत्तीची भीती असते आणि तपासणीची तारीख जवळ आली की ती वाढते. भीतीमुळे झोप, काम किंवा घरचे व्यवहार बाधित होत असल्यास समुपदेशन व बोधात्मक वर्तनोपचार यांचा उपयोग होतो.

सकारात्मक विचारांनी आयुष्य वाढते का, हा प्रश्न शास्त्रीय कसोटीवर तपासला गेला आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोग दूरवर पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी आधारगटात सहभागी झालेल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने आणि इतर १८.९ महिने जगल्या. या निष्कर्षाला मोठी प्रसिद्धी मिळाली. परंतु २००१ साली २३५ स्त्रियांवरील कॅनडातील चाचणीत आणि २००७ साली स्पीगल यांच्या स्वतःच्याच दुसऱ्या चाचणीत एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. कॅनडातील चाचणीत मानसिक त्रास व वेदनेची तीव्रता मात्र कमी झाली. आधारगटाचे मोल त्यात आहे. रुग्णाला सदैव हसतमुख राहण्याचा आग्रह धरणे, आणि रोग वाढल्यास तिचे मनोबल कमी पडले असे सुचवणे, अन्यायकारक आहे.

भारतीय कुटुंबांत निदान रुग्णापासून लपवण्याची प्रथा अजूनही आढळते. 'आईला सांगू नका' अशी विनंती मुले डॉक्टरांना करतात. केमोथेरपी पुन्हा सुरू झाल्यावर आईला बहुधा सर्व उमगलेले असते आणि मुलांना त्रास नको म्हणून तीही गप्प राहते. अशा वेळी रुग्णाला किती माहिती हवी आहे, हे डॉक्टरांनी तिलाच विचारावे, ही पद्धत आता अधिक योग्य मानली जाते.

परिहारक सेवा आणि अर्थसाहाय्य

वेदना, धाप, उलट्या, थकवा यांवरील उपचार व कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवेस परिहारक सेवा म्हणतात. ती केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसून दूरस्थ पुनरावृत्तीच्या निदानापासून इतर उपचारांबरोबरच देता येते. तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे मुख्य औषध आहे. ते मिळण्यातील कायदेशीर अडथळे २०१४ च्या कायदादुरुस्तीने कमी केले. वैद्यकीय देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने रुग्ण व्यसनी होईल ही भीती बहुतांशी अनाठायी असते. मुंबईत १९८६ साली स्थापन झालेले शांती अवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस असून त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यातील वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे परिहारक सेवा केंद्र कार्यरत आहे.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेअंतर्गत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांचा समावेश होतो. सर्व नवी औषधे मात्र योजनेत नसतात. त्यामुळे उपचार ठरवण्यापूर्वी कोणते औषध योजनेत बसते याची विचारणा योजनेतील रुग्णालयात नेमलेल्या आरोग्यमित्राकडे करता येते.